काळ्या पानांचं झाड दारात

क्रेप मर्टल नावाच्या काळ्या पानांच्या एका झुडपाला फूल यायला आमच्याकडे बावीस महिने लागले. त्यातले सव्वादोन महिने तर झाड बाजूला राहिलं आणि मी कागदांच्या मागे धावत होते. शोधाशोध केली तेव्हा जी माहिती मिळाली ती सगळी बर्फ पडणाऱ्या गावांची. 'हिवाळ्यात मुळांवर आच्छादन घाला' असलं काहीतरी. आमच्याकडे हिवाळा म्हणजे पहाटे पंखा बंद करायचा, एवढंच. खरा प्रश्न जुलैचा. म्हणून जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवते.

मी गोव्यात, फोंडा तालुक्यात, म्हार्दोळपासून दोनेक किलोमीटरवर राहते. नळ्यांचं जुनं घर, पुढे अंगण नि तुळस, मागे परसू. घरात कोकणी आणि लिहायला मराठी, हे आमच्याकडचं जुनंच. त्यामुळे सासूबाई मधेमधे कोकणीत बोलतील, सांभाळून घ्या.

मे 2022 मध्ये पुण्याला भाचीच्या लग्नाला गेले होते. कार्यालयाच्या फाटकाशी पुरुषभर उंचीचं एक झुडूप होतं. पानं जवळजवळ काळी, पिकल्या जांभळासारखी, आणि शेंड्यांवर लालभडक तुरे. वऱ्हाडी आत जेवत होते नि मी फाटकाशी उभी. माळीदादांनी नाव सांगितलं, क्रेप मर्टल. "हिवाळ्यात सगळी पानं टाकतं बरं का ताई, तेव्हा घाबरू नका," असंही म्हणाले. पुढे मी हे विसरले, ती माझी चूक.

घरी येऊन वाचलं तर ही आपल्या तामणाची धाकटी बहीण निघाली. महाराष्ट्राचं राज्यपुष्प असलेलं ताम्हण, आमच्या मोले गावाकडच्या रानात गुळगुळीत पांढुरक्या खोडाने उभा असतो तो नाणा आणि ही क्रेप मर्टल, तिघं एकाच कुळीची, लॅगरस्ट्रोमिया. लिनिअसने हे नाव 1759 साली दिलं, स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीत असलेल्या मॅग्नस फॉन लॅगरस्ट्रोम या आपल्या स्नेह्यावरून. जातीचं नाव 'इंडिका', पण झाड मूळचं चीनकडचं. साध्या क्रेप मर्टलचं पान हिरवंच असतं. काळ्या पानांच्या जाती अलीकडच्या. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या पॉपलरव्हिल इथल्या सरकारी प्रयोगशाळेत सेसिल पाउंडर्स यांनी 'एबनी' नावाची मालिका तयार केली, ती बाजारात 'ब्लॅक डायमंड' म्हणून विकतात. नाणा आमच्या रानात पाऊस खाऊन वाढतो, मग त्याची ही चुलतबहीण का नाही वाढणार, असा माझा हिशेब होता.

जुलै 2022. फोंड्याच्या बाजारात पावसाळ्यात रोपं घेऊन फुटपाथवर बसतात, त्यातल्या एकाला विचारलं, "काळ्या पानांचं, लाल फुलांचं आहे?" "आसा मगे!" म्हणून त्याने ताडपत्रीखालून एक पिशवी काढली. पानं अगदी मनासारखी गडद. दीडशे रुपये दिले आणि आनंदात घरी आले. सासूबाईंनी पायरीवरूनच विचारलं, "हें काळें झाड दारांत कित्याक?"

रोप झपाट्याने वाढलं. चतुर्थी झाली, पाहुणे गेले, आणि 11 सप्टेंबरच्या रविवारी मी वाटेत येणारी एक फांदी कात्रीने छाटली. पांढराशुभ्र चीक टपटपला. मनगटावर उडाला तो पदराने पुसला आणि त्याच हाताने कपाळावरचे केस मागे सारले. दहा मिनिटांत मनगट भाजल्यासारखं झालं आणि उजवा डोळा असा चुरचुरायला लागला की उघडेना. नवऱ्याने नळाखाली धरून पंधरा-वीस मिनिटं डोळा धुतला. डॉक्टर म्हणाले तेच बरं केलंत. तपासणी 300, थेंब 165 रुपये, चार दिवस काळा चष्मा.

ते झाड युफोर्बिया कॉटिनिफोलिया होतं. शेर आणि त्रिधारी निवडुंगाच्या गोतातलं, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. दिसायला सुंदर, पण चीक त्वचेला वाईट आणि डोळ्यांना तर फारच. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. मी काळं पान मागितलं, त्याने काळं पान दिलं.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पानाचा एक तुकडा खुडून बघा, अर्थात हात डोळ्यांपासून लांब ठेवून. पांढरा चीक आला तर पिशवी खाली ठेवा. युफोर्बियाचं पान लांब देठाचं, आणि एका पेरावर तीन-तीन. क्रेप मर्टलचं पान जवळजवळ देठाशिवाय फांदीला चिकटलेलं असतं, आणि कोवळी काडी बोटात फिरवली की चौकोनी लागते. गोल काडी आणि चौकोनी काडी यांतला फरक डोळे मिटूनही कळतो. युफोर्बिया मी हातमोजे घालून उपटलं आणि आवाराच्या कोपऱ्यात पुरून टाकलं. जाळू नका, धुराचाही त्रास होतो म्हणतात.

त्यानंतर चार महिने काळ्या पानांचं नाव काढलं नाही.

12 जानेवारी 2023 ला राज्याबाहेरच्या एका नर्सरीतून घरबसल्या मागवलं. 850 रुपये, वर कुरिअर 160. सहा दिवसांनी खोका आला. उघडला तर कोकोपीटच्या गोळ्यात दीड फुटाची काडी. पान एकही नाही. तिलाच तीन आखूड काड्या फुटलेल्या, बस्स. सासूबाईंनी काही विचारलं नाही, फक्त खोक्याकडे नि माझ्याकडे बघितलं. हजार रुपयांची काडी! मी नर्सरीला फोन लावला तर पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, झोपलंय ते. आता पाठवलं तर प्रवास सोसतं." हे मात्र खरं निघालं. पानं झडलेली असताना रोप हलवलं तर त्याला कळतही नाही. तुम्हीही जानेवारीतच मागवा, फक्त पानांचा रंग बघून घेता येणार नाही हे गृहीत धरा.

काडी चौकोनी होती. मी तेवढ्यावर विश्वास टाकला.

आता जागा. या झाडाला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. फुलांसाठी तर लागतंच, पण पानाच्या काळेपणासाठीही लागतं. तो काळा रंग अँथोसायनिनचा, म्हणजे आपल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीत नि जांभळात जो रंग असतो त्याच गटातला. ऊन कमी पडलं की रंग उतरतो आणि पान हिरव्याकडे जातं. 22 जानेवारीच्या रविवारी मी अंगणात नि परसात मिळून पाच काठ्या रोवल्या आणि सकाळी सातपासून दर तासाला फोटो काढत गेले. शेजारच्यांना वाटलं आम्ही जमीन विकतोय. माडांखाली कवडसेच कवडसे. तुळशीच्या डाव्या हाताला, विहिरीपलीकडे एक जागा मिळाली, तिथे साडेतीन तास. तिथलं दुपारचं ऊन फणसाची एक आडवी फांदी अडवत होती. गच्ची नाही, नळ्यांच्या घराला गच्ची कुठून येणार? म्हणजे फांदी उतरवणं आलं.

एक फांदी, तीही आपल्याच फणसाची. पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, बोलवावं आणि उतरवावी, असं मला वाटलं होतं. शेजारचे एक निवृत्त तलाठी काका म्हणाले, "थांब. कागद कर." गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आणि त्यातल्या 'झाड तोडणे' या शब्दांत मोठ्या फांद्या छाटणंही येतं. झाड स्वतःच्या जमिनीत असलं तरी. याच कायद्यातून 2016 साली माडाला बाहेर काढलं होतं आणि 2017 साली परत आत घेतलं. म्हणजे मधल्या काळात आमच्या परसातले अकरा माड कायद्याने झाडं नव्हती. असो.

20 फेब्रुवारीला वनखात्याच्या कार्यालयात गेले. बाहेर कार्निव्हालचे दिवस, आत पंख्याखाली एक कारकून. त्यांनी यादी लिहून दिली: अर्ज दोन प्रतींत, एक-चौदाचा उतारा (म्हणजे गोव्यातला सातबारा), सर्व्हे प्लॅन आणि त्यावर झाडाची खूण, झाडाचे फोटो, आधारची झेरॉक्स, आणि उताऱ्यावर जितकी नावं आहेत तितक्यांची संमती. शेवटची ओळ वाचून माझा घसा कोरडा पडला.

आमच्या एक-चौदावर आठ नावं आहेत. त्यातले तिघे वारलेले. उरलेल्यांत एक दीर वास्कोला, एक आत्या बेळगावला, आणि मुंबईचे काका, ज्यांच्याशी 2009 पासून विहिरीच्या पंपावरून बोलणं नव्हतं. फणसाच्या फांदीसाठी मी त्यांना फोन केला. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाले, "तो पूर्वेकडचा? रसाळ आहे तो. झाड नाही ना तोडत?" नाही म्हटलं, एकच फांदी. आठवड्यात सही केलेला कागद आला, सोबत चिठ्ठी: 'जूनमध्ये गरे पाठवणे.' वारलेल्यांचे दाखले आणि वारसांच्या सह्या जोडण्यात शिगमो, म्हणजे आमची होळी, उलटून गेला. अर्ज स्वीकारला गेला 13 मार्चला, माझ्या तिसऱ्या खेपेला. दुसरी खेप फुकट गेली, कारण सर्व्हे प्लॅनवर झाडाची खूणच केली नव्हती. चूक माझीच. लाल पेनाने एक गोल काढला असता तर तो दिवस वाचला असता.

10 एप्रिलला वनरक्षक बघायला आले. फांदी बघितली, फोटो घेतले, घेर मोजला. मग कुंडीतल्या रोपाकडे बघून विचारलं, "ह्याच्यासाठी?" मी हो म्हटलं. ते हसले नाहीत, हे मला आवडलं. 28 एप्रिलला परवानगीचा कागद हातात आला. पहिल्या खेपेपासून सदुसष्ट दिवस. त्यातले एकवीस दिवस तर घरच्या सह्याच गोळा करत होते. सरकारी खर्च किरकोळ. झेरॉक्स, उतारे, बसभाडं आणि बेळगावचं कुरिअर धरून माझे 640 रुपये गेले. पाडेल्याने 2 मेला फांदी उतरवली, त्याचे 1,800. त्याने आधी खालून अर्धा काप घेतला आणि मग वरून कोयता घातला, म्हणून साल खोडावर ओरबाडली गेली नाही. बघण्यासारखं काम होतं.

दरम्यान कुंडीतली काडी जागी झाली होती. 4 मार्चला पहिली फूट. तांदळाच्या कणीएवढी, गडद वाईनच्या रंगाची. दोन आठवड्यांत सगळ्या काड्यांवर काळसर तांबडी पानं. मी दिवसातून सहा वेळा बघून येत असे. पण कुंडी होती व्हरांड्यात, कारण बाहेर गाय तोंड घालते. एप्रिल संपेपर्यंत जुनी पानं मळकट हिरवी झाली. परत नर्सरीला फोन. तीच मुलगी, तोच शांत आवाज: "उन्हात ठेवा, मॅडम." पुढे उन्हात गेल्यावर नवी पानं काळीच आली. जुनी मात्र हिरवट राहिली ती गळेपर्यंत.

खड्डा 14 मेला खणला. आमची जमीन जांभ्याची, वर वीतभर माती आणि खाली चिरा. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यासाठी एका माणसाचा अर्धा दिवस नि पहार, 600 रुपये. आणि इथे एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करावी. खड्ड्यात पाणी भरलं आणि घड्याळ लावलं. चार तासांनी बघितलं तर अर्धं पाणी तसंच. खाली कातळ, पाण्याला वाट नाही. तिथे लावलं असतं तर जुलैत ते झाड डबक्यात उभं राहिलं असतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हे झुडूप उन्हाळा सोसतं, कोरड सोसतं, पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. मग खड्ड्याच्या भोवती बारा चिरे रचून फूटभर उंच ओटा केला. चिरे आणून-लावून 900. तळाशी चिऱ्याचे तुकडे, वर लाल माती, दोन पाट्या जुनं शेणखत आणि थोडी वाळू. चुना अजिबात नाही. या झाडाला किंचित आम्ल माती मानवते आणि आपली लाल माती मुळात तशीच आहे. तुळशीला घालतो तशी राखही घालू नका.

4 जूनला लावलं. त्या वर्षी पाऊस रेंगाळला, केरळातच 8 जूनला पोचला. तोवर रोज संध्याकाळी दोन कळश्या पाणी. मग जो लागला तो लागलाच. ओट्याच्या चिऱ्यांमधून पाणी झिरपताना बघून मला त्या 900 रुपयांचं समाधान वाटायचं.

पावसात पानांवर तपकिरी ठिपके पडले आणि खालची पानं गळायला लागली. मी घाबरून बुरशीनाशक आणलं, 240 रुपये. फवारलं आणि अर्ध्या तासात सर आली. पुन्हा फवारलं, पुन्हा सर. तिसऱ्यांदा पंप हातात घेतला तेव्हा नवरा म्हणाला, "तू पावसाला औषध घालतेयस की झाडाला?" त्या दिवसापासून फक्त गळलेली पानं उचलायची आणि आतल्या बारीक काड्या काढून वारा खेळता ठेवायचा, एवढंच केलं. तेवढंच उपयोगी पडलं.

गणपतीनंतर दुसरंच सुरू झालं. खोडावर मुंगळ्यांची रांग दिसली. पानं बघितली तर ठीक, काळीच्या काळीच. सहज एक पान बोटात धरलं आणि बोट काळं झालं! पान चिकट, त्यावर काजळी, आणि उलटं केलं तर शिरेलगत मावा पोपटी ठिपक्यांनी बसलेला. हिरव्या पानावर काजळी लांबून दिसते, काळ्या पानावर ती लपते. तेव्हापासून मी या झाडाला डोळ्यांनी नाही, बोटाने तपासते. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल नि चमचाभर भांड्यांचा द्रव साबण, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने तीनदा. मावा गेला, मुंगळे गेले, काजळी हळूहळू सुटली. दसऱ्यानंतर दिवस कोरडे नि रात्री दवाच्या झाल्या तशी कोवळ्या शेंड्यांवर पीठ उधळल्यासारखी भुरी आली. तेव्हा पाऊस नव्हता, म्हणून गंधकाची फवारणी लागू पडली. दुपारच्या उन्हात मात्र गंधक फवारू नका, पानं करपतात, आणि तेल फवारल्यावर दोन-तीन आठवडे तरी गंधक नको.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही. एकही नाही.

डिसेंबरात पानं तांबूस केशरी होऊन गळायला लागली. 2024 चा जानेवारी अर्धा झाला आणि तुळशीच्या शेजारी उरल्या चार फुटांच्या सात-आठ उघड्या काड्या. आमच्या भागात उघडं झाड म्हणजे मेलेलं झाड. रानात नाणा नि ऐन पानं टाकतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते रानात. दारात जास्वंद, अबोली, जायो, सगळी बारमाही हिरवी. पोस्टमन म्हणाला, दूधवाल्याने विचारलं. सासूबाई दोन-तीन दिवस गप्प राहिल्या आणि एका सकाळी म्हणाल्या, "मेलें गो तें. तुळशीलागीं वाळिल्लें झाड दवरप बरें न्हय. उडय." म्हणजे तुळशीपाशी वाळलेलं झाड ठेवणं बरं नाही, टाकून दे.

माझंही मन डळमळलं होतं. पुण्याच्या माळ्याचं बोलणं आठवत होतं, पण इथलं हवामान वेगळं, मावा झाला, भुरी झाली, कोण जाणे. सासूबाईंसमोरच एका काडीची साल नखाने खरवडली. केसाएवढी तपकिरी साल निघाली आणि खाली ओला, पोपटी हिरवा रंग. मी दुसरी काडी खरवडली, तीही हिरवी. सासूबाई चष्मा वर करून वाकल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या नखाने तिसरी काडी खरवडली. मग आत जाऊन चुलीवरचा भात उतरवला. झाडाचा विषय त्या दिवशी संपला.

10 फेब्रुवारीला छाटणी. हे झाड त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतं, म्हणून छाटणी पानं फुटायच्या आधी करायची. आमच्याकडे बागेचं काम करायला येतो तो मुलगा कात्री घेऊन सरळ गुडघ्याएवढं कापायला निघाला होता, मेंदीचं कुंपण कापतात तसं. वेळेवर पोचले. बुंध्यापर्यंत छाटलं तर लांब, लेच्यापेच्या काठ्या फुटतात आणि तुऱ्याच्या वजनाने पावसात लोळतात. मी फक्त पेन्सिलीहून बारीक काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि जमिनीतून येणारे फुटवे काढले. खोडाची साल सुटत होती. एक पापुद्रा ओढला तर खाली चामड्यासारखं गुळगुळीत, फिकट तपकिरी खोड. अगदी नाण्याचं.

मार्चमध्ये दोन किलो शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. बाकी काही नाही. युरिया घातला तर पानंच पानं येतात. आमच्या एका मैत्रिणीची क्रेप मर्टल अशी तीन वर्षं नुसती डोलतेय.

एप्रिलच्या शेवटी शेंड्यांवर कळ्यांचे घोस दिसले. तांबूस, गुळगुळीत, हरभऱ्याएवढे. 9 मे 2024 ला सकाळी विहिरीवर गेले तर एक कळी उकललेली. सहा पाकळ्या, प्रत्येकीला वेगळा बारीक देठ, आणि कडा अशा चुरगळलेल्या की चतुर्थीच्या मखराला लावतो तो झालरीचा कागद आठवावा. मध्ये पिवळे आखूड पुंकेसर दाटीने, आणि त्यांना वळसा घालून बाहेर वाकलेले सहा लांब. आठ दिवसांत चार तुरे आले. काळ्या पानांवर तो लाल रंग संध्याकाळी पाचच्या उन्हात कसा दिसतो ते लिहून सांगता येणार नाही, मी तीन वेळा लिहून खोडलं. मुंबईच्या काकांना फोटो पाठवला. उत्तर आलं: 'छान. गरे?'

जून लागला आणि फुलं दोन दिवसांत भिजून लगदा झाली. 2024 चा पाऊस गोव्यात कोणी विसरणार नाही, आमच्या विहिरीचं पाणी काठाला लागलं होतं. ओटा टिकला, झाड टिकलं. ऑगस्टमध्ये उघडीप मिळताच सुकलेले तुरे बोंडांसकट कापले, कारण बी धरायला लागलं की झाड फूल विसरतं. महिन्याने दुसरा बहर आला, पहिल्याच्या निम्मा. 7 सप्टेंबरला चतुर्थी. पहाटे सासूबाई फुलं काढायला गेल्या, जास्वंद, दूर्वा, अबोली. मी गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीला भिरंडं नि आंबाडे बांधत होते. वळून बघितलं तर गणपतीच्या उजव्या हाताशी, अबोलीच्या वळेसराशेजारी (गजऱ्याशेजारी), एक काळ्या पानांचा लाल तुरा. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

चुकीच्या झाडाचे आणि डोळ्याचे पैसे धरून सगळा खर्च सहा हजारांच्या आत राहिला. त्यात फणसाचे गरे आणि मुंबईचं पार्सल धरलेलं नाही.

या जानेवारीत पुन्हा पानं गळली. परवा शेजारची एक वहिनी तुळशीपाशी थांबून म्हणाली, झाड गेलं वाटतं तुमचं. मी आत कपडे वाळत घालत होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "मेल्लें न्हय तें. नाखूट लावन पळय."